पिकअपचा ईसीएम बदलताना: आधी काय तपासायचं, मग काय काढायचं

गाडी चालता चालता बंद पडली, स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, स्कॅनर लावला तर 'कम्युनिकेशन नाही' असं दाखवतो. अशा वेळी 'ईसीएम (म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला' हे निदान फार पटकन होतं. नवा ईसीएम येतो, बसतो, आणि एकतर गाडी पूर्वीसारखीच बंद राहते किंवा चार दिवसांत तोही जळतो. ईसीएम हा पिकअपमधला सगळ्यांत महाग इलेक्ट्रॉनिक पार्टांपैकी एक. शिवाय इलेक्ट्रिकल पार्ट एकदा कपलरला (वायरींच्या प्लगला) लागला की बहुतेक दुकानदार तो परत घेत नाहीत. त्यामुळे या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ जुना ईसीएम जागेवर असतानाच जायला हवा.

इथे १२ व्होल्टच्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या) डिझेल पिकअप धरल्या आहेत: बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझु डी-मॅक्स या वर्गातल्या. तत्त्व सगळीकडे तेच, पण पिन नंबर मॉडेलप्रमाणे आणि बीएस-४, बीएस-६ प्रमाणे बदलतात. त्या गाडीचा वायरिंग डायग्राम हातात नसेल तर काम सुरू करू नका. दुसऱ्या मॉडेलचा डायग्राम 'जवळपास सारखा' म्हणून वापरला की चुकीच्या पिनवर बॅटरीचा प्लस जातो आणि चांगला ईसीएमही मरतो.

## हाताशी काय हवं

- डिजिटल मल्टीमीटर आणि त्या कंपनीच्या गाड्यांना पूर्ण खोलवर जाणारा स्कॅनर. फक्त कोड वाचणारं छोटं ब्लूटूथ यंत्र या कामाला पुरत नाही.
- २१ वॅटचा १२ व्होल्टी इंडिकेटर बल्ब, दोन वायरी जोडलेला.
- ईसीएमच्या कपलरमध्ये बसतील अशा मापाच्या सुट्या टर्मिनल पिना. मल्टीमीटरचं जाड टोक पिनमध्ये कधीही खुपसायचं नाही.
- कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, बारीक ब्रश, टॉर्च.
- प्रोग्रॅमिंगच्या वेळी बॅटरी सांभाळणारा स्थिर सप्लाय, किंवा निदान पूर्ण चार्ज केलेली दुसरी बॅटरी आणि जंपर केबल.
- गाडीच्या सगळ्या चाव्या आणि आरसी. चाव्यांचं कारण पुढे टप्पा ७ मध्ये येईल.

## टप्पा १ : कोड वाचा, पण पुसू नका

सगळे कोड कागदावर लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा. पुसण्याची घाई केली की पुरावाच जातो.

पी०६०१, पी०६०४, पी०६०५, पी०६०६ हे कोड ईसीएमच्या आतल्या मेमरी आणि प्रोसेसरबद्दल असतात. लिहून घेतल्यानंतर ते पुसले आणि लगेच परत आले तर ईसीएमवर संशय घ्यायला जागा आहे. पण सोबत पी०५६२ (व्होल्टेज कमी) किंवा पी०६८५ (मेन रिलेचं सर्किट) असेल, तर आधी सप्लायकडे बघा. बॅटरी स्टार्टरखाली ढासळली की प्रोसेसर मध्येच रिसेट होतो आणि आतल्या बिघाडाचे कोड खोटेच टाकतो. यू०१०० हा कोड तर ईसीएमने टाकलेला नसतोच. गाडीतल्या दुसऱ्या मॉड्यूलने 'मला ईसीएम सापडत नाही' म्हणून टाकलेला असतो. कारण तुटलेली वायरही असू शकते.

पडताळणी : चावी ऑन केल्यावर मीटरमधला चेक इंजिन दिवा लागतो का आणि मेन रिलेचा 'टक्' आवाज येतो का? दोन्ही नसेल तर ईसीएमपर्यंत वीज पोचत नाहीये असं धरून पुढे जा.

## टप्पा २ : प्लस आणि अर्थिंग

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

१. बॅटरी बघा. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली नाही, इंजिन चालू असेल तर साधारण १३.८ ते १४.७. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर आधी बदला. इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय आणि तो ईसीएमला सतत त्रास देतोय.

२. ईसीएमला प्लस दोन वाटांनी येतो. एक बॅटरीकडून थेट, दुसरा मेन रिलेतून. चावी ऑन झाली की ईसीएम स्वतःच रिलेची कॉइल अर्थ करतो, रिले बसतो आणि मुख्य सप्लाय येतो. थेट सप्लाय किंवा चावीचा सिग्नल यांपैकी एक जरी तुटला तरी रिले बसत नाही आणि ईसीएम मेल्यासारखा दिसतो.

३. फ्यूज डोळ्यांनी बघून सोडू नका. फ्यूज बसलेला असतानाच त्याच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा.

४. आता बल्ब. बॅटरीचा मायनस काढा, ईसीएमचा कपलर काढा, मायनस परत लावा. कपलरच्या थेट प्लसच्या पिनला आणि अर्थच्या पिनला योग्य मापाच्या टर्मिनलने बल्ब जोडा. तो बॅटरीवर थेट लावल्यावर जितका प्रखर दिसतो तितकाच इथे दिसला पाहिजे. मेन रिलेची वाट तपासायला रिले काढून सॉकेटच्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना फ्यूज लावलेल्या वायरने जोडाव्या लागतात, कारण ईसीएम काढलेला असताना रिले बसणार नाही. कितीतरी जण हे विसरून 'सप्लाय नाही' म्हणून वायरिंग सोलत बसतात.

मल्टीमीटर १२.५ दाखवतो आणि बल्ब मिणमिणतो, असं झालं तर वायर आतून कुजली आहे. एका धाग्यावर लटकलेली वायरही मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. म्हणूनच बल्ब.

५. कपलर परत लावा (आधी मायनस काढून). मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनस पोलवर, लाल टोक ईसीएमच्या अर्थ पिनच्या मागच्या बाजूने. स्टार्टर फिरवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त येता कामा नये. जास्त आलं तर चासिस, इंजिन आणि केबिन यांची अर्थिंग उघडा, रंग आणि गंज खरवडा, घट्ट करा. समुद्राकाठी मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये खारं पाणी झिरपून ही अर्थिंग आतून पोखरते. वरून बोल्ट धड दिसतो.

थांबा : या टप्प्यावर काही सापडून दुरुस्त झालं, तर गाडी चालवून बघा. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं.

## टप्पा ३ : ५ व्होल्ट आणि कॅन लाइन

ईसीएम सेन्सरांना ५ व्होल्ट पुरवतो. एका सेन्सरची वायर बॉडीला लागली की त्या ओळीवरचे सगळे सेन्सर एकदम झोपतात आणि गाडी स्टार्ट होत नाही. चावी ऑन करून रेल प्रेशर सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट मोजा. शून्य किंवा १-२ व्होल्ट आले तर मीटर लावलेला ठेवूनच बूस्ट सेन्सर (टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), अ‍ॅक्सिलरेटर पेडल यांचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याक्षणी ५ व्होल्ट परत येतील, तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. बहुतेक ईसीएममध्ये अशा दोन-तीन वेगळ्या ५ व्होल्टच्या ओळी असतात, त्यामुळे एक ठीक म्हणजे सगळ्या ठीक असं नाही.

कॅन लाइन म्हणजे गाडीतली मॉड्यूलं एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी. ती तपासायला बॅटरीचा मायनस काढा आणि डायग्नॉस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास म्हणजे ठीक. १२० म्हणजे लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर दिसत नाहीये; तो बऱ्याचदा ईसीएमच्याच आत असतो, म्हणून कपलर नीट बसलाय का आणि वायर तुटली का ते बघा. शून्याजवळ म्हणजे दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग इथेच पकडलं जातं. काही गाड्यांत सॉकेट आणि मुख्य लाइन यांच्या मध्ये गेटवे असतो. तिथे हे आकडे लागू होत नाहीत, डायग्राम बघा.

## टप्पा ४ : जुना का मेला?

प्लस, अर्थ, ५ व्होल्टची वायरिंग, कॅन सगळं ठीक आहे आणि तरी ईसीएम बोलत नाही किंवा एखादा आउटपुट देत नाही, तर ईसीएम गेला म्हणायला हरकत नाही. पण त्याला कोणी मारलं हे कळल्याशिवाय नवा लावायचा नाही.

इंजेक्टर : सॉलेनॉइड इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये साधारण ०.२ ते ०.५ ओहम. मीटरच्या वायरींचाच अवरोध ०.२-०.३ असतो, म्हणून आधी दोन टोकं एकमेकांना लावून तो आकडा वजा करा. मग प्रत्येक पिन आणि इंजिन बॉडी यांच्यात मोजा, तिथे काहीच कंटिन्यूइटी नको. टॅपेट कव्हरजवळ घासून सोललेली इंजेक्टरची एक वायर ईसीएमचा ड्रायव्हर (इंजेक्टरला करंट देणारं आतलं सर्किट) जाळायला पुरते.

सावधान : इंजिन चालू असताना इंजेक्टरचे कपलर काढू नका आणि त्या वायरींना हात लावू नका. सॉलेनॉइड इंजेक्टरलाही ईसीएम ६५-८० व्होल्टचा झटका देतो, पिएझो इंजेक्टरला त्याहून जास्त. हाय प्रेशर पाइपचा नट तर सैल करायचाच नाही. १००० बारच्या पुढे दाब असलेलं डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावं लागतं.

पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह : बॉशच्या बऱ्याच पंपांवर साधारण ३ ओहम. १ च्या खाली असेल तर शॉर्ट.

पाणी : कपलर उघडून पिनांवर हिरवट थर आहे का बघा. पाणी कपलरच्या बाहेरूनच येतं असं नाही. वर कुठे वायर सोलली असेल तर आतल्या तांब्याच्या धाग्यांतून पाणी किंवा ऑइल ओढत ओढत ईसीएमपर्यंत येतं. अशा वायरीचा कपलर पुसून उपयोग नाही, गळतीची जागा शोधावी लागते.

मालकाला विचारायचे प्रश्न : लोडबॉडीवर नुकतं वेल्डिंग झालं का? ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप स्टार्ट केलं का? वॉशिंग सेंटरला बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारलं का? जीपीएस, जादा हॉर्न, फोकस लाइट कोणत्या वायरीवर टॅप केली आहे? हे प्रश्न आडपडद्याशिवाय विचारा. लोक लपवत नाहीत, त्यांना संबंध माहीत नसतो.

## टप्पा ५ : जुन्यातली माहिती काढून घ्या

ईसीएम अधूनमधून का होईना स्कॅनरशी बोलत असेल, तर आत्ताच, काढण्याआधी, पुढच्या गोष्टी उतरवून घ्या:

- १७ अक्षरी चासिस नंबर, ईसीएममध्ये लिहिलेला. आरसीशी जुळवा.
- सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशन नंबर.
- चारही इंजेक्टरचे कोड, सिलिंडरच्या क्रमाने.
- डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर काजळी आणि राखेचे आकडे.
- गाडीचं कॉन्फिगरेशन: एसी आहे की नाही, टायरचा आकार, स्पीड लिमिट.

ईसीएम पूर्ण मेला असेल तर इंजेक्टरचे कोड इंजेक्टरच्या डोक्यावरून वाचावे लागतात. बॉशच्या इंजेक्टरवर ते ६ किंवा ७ अक्षरांचे असतात, डेल्फीवर त्याहून लांब. काजळी पुसून टॉर्च तिरपी धरली की ठसे दिसतात. ८ आणि बी, ० आणि डी यांत फार गल्लत होते, म्हणून फोटो काढून मोठा करून वाचा.

## टप्पा ६ : कोणता ईसीएम आणायचा

जुन्याचं लेबल स्वच्छ करून वाचा. त्यावर दोन नंबर असतात. बॉशच्या डिझेल युनिटचा स्वतःचा नंबर ०२८१ ने सुरू होतो, तो हार्डवेअरचा. दुसरा गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर. दिसायला अगदी सारखी, कपलरही सारखे, पण शेवटचे तीन आकडे वेगळे, अशी युनिटं बाजारात भरपूर आहेत. ती बसतात, पण चालत नाहीत, किंवा चालतात आणि चुकीचं डिझेल सोडतात.

तीन मार्ग आहेत. नवा, कंपनीच्या वर्कशॉपमधून : महाग, पण सॉफ्टवेअर आणि इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) दोन्ही त्यांच्या सर्व्हरवरून होतं. बीएस-६ गाडीला हाच मार्ग घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या बाजारातला, क्लोन करून (आपल्या ईसीएममधली माहिती त्यात जशीच्या तशी उतरवून) : हार्डवेअर नंबर तंतोतंत जुळला पाहिजे आणि जुन्यातली फ्लॅश (सॉफ्टवेअरची मेमरी) व ईईप्रॉम (गाडीची स्वतःची माहिती ठेवणारी छोटी मेमरी) दोन्ही वाचता आली पाहिजेत. फक्त फ्लॅश उतरवली तर इमोबिलायझरची माहिती येत नाही. गाडी स्टार्ट होऊन लगेच बंद पडते किंवा होतच नाही. दुरुस्ती : एखादा ड्रायव्हर किंवा सप्लायचा भाग जळला असेल तर चांगला कारागीर करून देतो. प्रोसेसर गेला असेल, किंवा पाण्याने बोर्डावरचे ट्रॅक खाल्ले असतील, तर पैसे घालवू नका.

सावधान : 'ईजीआर बंद, डीपीएफ बंद' अशी फाइल भरून दिलेला ईसीएम घेऊ नका. ते बेकायदा आहे, आणि पुढे कुठलाही बिघाड आला की कंपनीचा स्कॅनर त्या सॉफ्टवेअरला ओळखत नाही.

## टप्पा ७ : काढणं, बसवणं, कोडिंग

१. चावी बंद करून निदान ५ मिनिटं थांबा. चावी काढल्यावरही ईसीएम थोडा वेळ जागा राहून शिकलेली मूल्यं साठवतो. युरियाची टाकी असलेल्या गाडीत पाइप रिकामा करण्याचं कामही तेव्हाच चालतं. लगेच बॅटरी काढली तर साठवण अर्धवट राहते.

२. बॅटरीचा मायनस आधी काढा, तो पोलला परत लागणार नाही असा बाजूला बांधा.

३. ईसीएमला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा. कपलरचा लॉक लिव्हर पूर्ण उघडा. बॉशच्या बऱ्याच युनिटांना दोन कपलर असतात, गाडीकडचा ९४ पिनांचा आणि इंजिनकडचा ६० पिनांचा. लिव्हर उघडल्यावर कपलर आपोआप वर येतो. येत नसेल तर लिव्हर पूर्ण उघडलेला नाही, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका.

४. नवा बसवण्याआधी कपलरमधली पिन न् पिन टॉर्चखाली बघा. वाकलेली, आत सरकलेली, काळवंडलेली. सुटी टर्मिनल पिन हलकेच घालून पकड बघा. सैल लागली तर ती पिन बदला. क्लीनर मारून पूर्ण वाळू द्या.

५. ईसीएम मूळ ब्रॅकेटवर, मूळ रबरांसकट बसवा. वायरी आधी खाली उतरून मग वर कपलरमध्ये शिरल्या पाहिजेत, म्हणजे पावसाचं पाणी वाकावरूनच टपकून जातं.

६. मायनस शेवटी लावा.

७. कोडिंगच्या आधी स्थिर सप्लाय लावा, ब्लोअर, लाइट, रेडिओ बंद करा. व्होल्टेज १२.५ ते १३.५ मध्ये राहिलं पाहिजे. गॅरेजचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर इथे नको, त्याचा करंट स्वच्छ नसतो. लॅपटॉप चार्जिंगला लावा, त्याचं स्लीप बंद करा. प्रोग्रॅमिंग अर्धवट तुटलं तर नवा कोरा ईसीएमही निकामी होऊ शकतो.

८. कोडिंगचा क्रम: सॉफ्टवेअर, चासिस नंबर, कॉन्फिगरेशन, इमोबिलायझर, इंजेक्टर कोड, शेवटी डीपीएफचे आकडे. स्कॅनर वेगळा क्रम सांगत असेल तर त्याचं ऐका. इमोबिलायझर शिकवताना सगळ्या चाव्या हव्यात, कारण बऱ्याच पद्धतींत त्या वेळी हजर नसलेली चावी पुसली जाते. मालकाला हे आधीच सांगा, म्हणजे दुसरी चावी गावाला राहणार नाही.

डीपीएफचा आकडा शून्यावर सोडणं ही नेहमीची चूक. फिल्टर प्रत्यक्षात भरलेला आणि ईसीएमला वाटतं तो रिकामा. मग सफाई वेळेवर सुरूच होत नाही आणि झाली तेव्हा काजळी इतकी साठलेली असते की आतली जाळी तडकते.

## टप्पा ८ : स्टार्टर मारण्याआधी

चावी ऑन, इंजिन थंड. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात तीन गोष्टी बघा.

पाण्याचं आणि हवेचं तापमान जवळपास सारखं असलं पाहिजे. अ‍ॅक्सिलरेटर सावकाश दाबा. पेडलच्या सेन्सरचे दोन्ही ट्रॅक (आकडे) एकत्र चढले पाहिजेत, दुसरा बहुधा पहिल्याच्या निम्मा. आणि हवेचा दाब: मुंबईत तो १००० ते १०१२ मिलिबार, पुण्यात ९४५-९५०, महाबळेश्वरला ८६० च्या आसपास. इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सरनेही तेवढाच दाखवला पाहिजे. पुण्यात उभ्या गाडीत तो १०१३ वर गोठलेला दिसला तर ईसीएम खरं मोजत नाहीये, ठरलेला पर्यायी आकडा वापरतोय.

## टप्पा ९ : पहिलं स्टार्ट आणि चाचणी

हँड पंप असेल तर डिझेलची हवा काढून घ्या. स्टार्टर एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विसावा. स्टार्टर फिरताना रेल प्रेशर २०० बारच्या आसपास चढलं पाहिजे. तेवढं चढत नसेल तर अडचण बहुधा ईसीएमची नाही, डिझेलच्या लाइनची आहे.

इंजिन लागल्यावर आयडलवर गरम होऊ द्या. चारही सिलिंडरचं करेक्शन (इंजिन एकसारखं फिरावं म्हणून ईसीएम त्या सिलिंडरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. एकाचं बाकीच्यांपेक्षा फारच वेगळं आलं तर आधी इंजेक्टर कोड परत जुळवा. दोन सिलिंडरचे कोड अदलाबदल झालेले बहुतेक वेळा इथेच सापडतात. मग गाडी भार घालून घाटात न्या. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर फिरवून काहीच कळत नाही. परत आल्यावर इंजिन बंद करून २० मिनिटं तापलेलं तसंच ठेवा आणि पुन्हा स्टार्ट करा. ईसीएममधले आणि कपलरमधले सैल सांधे या तापलेल्या अवस्थेतच दगा देतात. मग स्कॅन करा. आधी लिहून ठेवलेल्या यादीतला एकही कोड परत आलेला नसावा.

गाडी देताना मालकाला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. यापुढे चासिसवर वा बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आणि ईसीएमचे कपलर काढूनच. आणि जीपीएस किंवा कुठलीही जादा लाइट ईसीएमच्या वायरीवर टॅप करायची नाही, बॅटरीवरून स्वतःचा फ्यूज आणि रिले घेऊन लावायची. जुना ईसीएम चासिस नंबर आणि तारीख लिहून मालकाच्या हवाली करा. क्लोनमध्ये पुढे काही राहून गेलेलं निघालं तर मूळ माहिती त्यातूनच परत वाचता येते.